नळीवरचा ठोका

तोफखान्यातून रिटायर झालेला माणूस ओळखायचा असेल तर त्याला मागून हाक मारा. वळला नाही की समजा, आपलाच. आम्ही पाचजण तसलेच. कुणाचा डावा कान गेलेला, कुणाचा उजवा, माझे दोन्ही अर्धे-अर्धे. शिवाय माझ्या कानात चोवीस तास एक बारीक शीळ चालू असते, कुकरची शिटी व्हायच्या आधी सूं सूं होतं ना, तशी. कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या फ्लॅटच्या खाली कोचिंग क्लास आहे. टीव्हीचा आवाज मोठा झाला की क्लासवाला पोरगा पाठवतो. मग बायको माझ्या कानाशी येऊन ओरडते आणि मी तिच्यावर ओरडतो. नाकावर राग हा माझा जन्माचाच. पुढचं सगळं त्या रागापायी झालं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

रिटायर झाल्यावर आम्ही मिळून एक तोफ केली. हसू नका. आमचे सुभेदारसाहेब जिद्दीचे. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीवाल्याला त्यांनी गोडीगुलाबीनं पटवलं आणि पितळेची छोटी तोफ ओतून घेतली. नळी मांडीएवढी जाड, चाकं बैलगाडीच्या सुताराकडून केलेली. गोळा नसतोच, नुसती दारू. परवानगी, पोलीस, सगळं रीतसर. जिल्ह्यात कुठं जुना सैनिक वारला आणि घरच्यांनी बोलावलं, की पिकअपमध्ये तोफ घालायची, ब्लेझरवर मेडलं लावायची, जायचं, तीन बार द्यायचे आणि त्याच्या घरचा चहासुद्धा न घेता परत फिरायचं. हा साहेबांचा नियम. "मयताच्या घरात चूल पेटत न्हाय. आपल्यापायी पेटवायला लावायची न्हाय," म्हणायचे. चहा परतीच्या वाटेवर, टपरीवर.

तोफेवर माणसाला नाव नसतं, नंबर असतो. नंबर एक म्हणजे हुकूम देणारे, आमचे सुभेदारसाहेब. नंबर दोन नळी पुसणार. नंबर तीन दारूची पिशवी नळीत सारणार, तो मी. नंबर चार बत्ती देणार. नंबर पाच मागच्या पेटीतून पिशव्या आणून माझ्या हातात ठेवणार.

यात कुणाचा जीव कुणाच्या हातात असेल तर माझा नंबर दोनच्या. एक बार झाला की पिशवीच्या कापडाच्या धगधगत्या चिंध्या नळीच्या तळाशी राहतात. त्यावर दुसरी पिशवी गेली, तर ती बत्तीची वाट बघत बसत नाही. माझ्या हातातच उडते. म्हणून दोन बारांच्या मधे नंबर दोन लांब काठीला गुंडाळलेलं मेंढीचं कातडं बादलीत बुडवून नळीत तळापर्यंत फिरवतो. आम्ही त्याला पोतेरंच म्हणायचो. आता आम्ही सगळे बहिरे आणि मयतीत आरडाओरडा बरा दिसत नाही, म्हणून एक खूण ठरलेली. नळी पुसून झाली की काठीच्या दुसऱ्या टोकानं नळीवर दोन ठोके. दोन म्हणजे साफ, भर. एकच ठोका म्हणजे थांब, आत विस्तव आहे. माझा डावा तळहात नळीवर टेकलेला असायचा. कानाचं काम हातावर ढकललेलं.

आमचा नंबर दोन नेसरीच्या अलीकडच्या एका गावचा, लिंगायत, शेतीवाडी करून असणारा. नोकरीत मी आणि तो एकाच बॅटरीत, म्हणजे तोफांच्या एकाच तुकडीत होतो. मी जेवढा उतावळा तेवढा तो निवांत. त्याचं पोतेरं नळीत गेलं की बाहेर यायचं नावच घ्यायचं नाही. मी चुळबुळायला लागलो की म्हणायचा, "दमानं गड्या. विस्तव काय पावणा हाय व्हय, चहा पिऊन जायला?" आणि निघताना माझा उजवा हात धरून हलवायचा, "हे बोट, हे बोट, हे बोट. पाची हाईत. घरात जाऊन वहिनीला सांग, कुणाची मेहरबानी." मग 'शरणु' म्हणून, तो त्यांच्यातला रामराम, एसटीत चढायचा.

गेल्या दिवाळीनंतर नृसिंहवाडीकडच्या एका गावात बार द्यायला गेलतो. त्या वर्षी त्याचा हात थरथरायला लागला होता, कप धरला की बशीत चहा सांडायचा. दुसरा बार झाला, त्यानं नळी पुसली आणि माझ्या तळहातात एक ठोका आला. मी थांबलो. दुसरा येईना. साहेब म्हणाले, "भर!" मी मनात म्हटलं, थरथरत्या हातानं दुसरा ठोका हुकला असणार. भरली पिशवी. बार उडाला, काही झालं नाही.

परतीला टपरीवर तो माझ्यासमोर उभा राहिला. "एक दिलता मी. एकच. आत ठिणगी बघितली मी माझ्या डोळ्यानं."

"ठिणगी असती तर माझा हात ऱ्हायला असता काय?"

"नशीब तुझं."

बास. डोकं फिरलं माझं. जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "नशीब कशाचं? हात थरथरतोय तुझा. एक दिला का दोन, तुझं तुलाच कळंना झालंय. तोफेवर काय करतोस? घरात जाऊन खरंच पोतेरं मार, जा."

टपरीवाल्यासकट सगळे हसले. तो नाही हसला. त्यानं कातडं पिळलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, काठी पिकअपमध्ये नीट आडवी ठेवली आणि पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. कोल्हापुरात स्टँडवर उतरला तेव्हा माझा हात धरला नाही, 'शरणु' म्हणाला नाही.

पुढच्या दोन मयतींना तो आला नाही. पोतेरं साहेबांनीच मारलं. मला म्हणाले, "तू बोललास, तूच फोन कर." मी म्हणालो, "चुकी त्याची आणि फोन माझा? जमायचं न्हाय." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय. नंबर काढायचो मोबाईलवर, बघत बसायचो, ठेवून द्यायचो. उद्या करू. हुर्डा व्हायला लागला की तोच बोलावंल. असं करत महिना गेला.

आणि एका सकाळी ग्रुपवर त्याच्या मुलाचा मेसेज आला. बाबा झोपेतच गेले. दुपारी चारला माती.

मी खाटेवर बसूनच राहिलो. बायको विचारत होती, काय झालं, काय झालं. मनात एकच. जाताना तो माझ्यावर राग धरून गेला का? आता कुणाला विचारायचं?

इथं आमची एक रीत सांगायला पाहिजे, कारण चूक तिच्यातच होती. आमच्यातलाच कुणी गेला, तर त्याच्या मयतीत तोफेवरची त्याची जागा रिकामी ठेवायची. साहेब त्याचा नंबर पुकारणार. कुणी हलायचं नाही. त्याच्या कामाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ सगळे ताठ उभे राहणार, आणि मगच पुढचा हुकूम. मागं आधीचा नंबर पाच गेला, तेव्हा साहेबांनी ही रीत काढली. पिशव्या आधीच तोफेजवळ आणून ठेवल्या होत्या, त्यामुळं कुठं काही अडलं नाही. गाव ढसाढसा रडलं. तेव्हापासून ती आमची रीत झाली.

पिकअपमध्ये गडहिंग्लज ओलांडल्यावर साहेब म्हणाले, "नंबर दोनची जागा रिकामी ऱ्हाईल."

"व्हय साहेब," आम्ही सगळे म्हणालो. जन्म तोफेवर घालवलेली चार म्हातारी माणसं. मग नळी कोण पुसणार, हे एकालाही सुचलं नाही. ज्याचा हात नळीत जाणार त्या मलाही नाही. रस्त्यावरच्या अडाण्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

त्याच्याच शेतात खड्डा काढला होता. शेजारी ऊस तुटून गेलेला, नुसता पाला पडलेला. लांब कुठंतरी गुऱ्हाळ चालू असावं, धूर सरळ वर जात होता, वारा म्हणून नाही. लिंगायतांत माणसाला आडवं करत नाहीत, बसवून नेतात, बसवूनच माती देतात. त्यालाही फुलांनी सजवलेल्या, पालखीसारख्या विमानात मांडी घालून बसवलं होतं. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात हार, कोटावर मेडलं. खड्ड्याच्या काठावर विमान टेकवलं आणि त्याचं तोंड बरोबर तोफेकडं आलं. मुद्दाम कुणी केलं नव्हतं, जागाच तशी होती. उजवा डोळा पुरता मिटलेला, डावा बारीक उघडा. मुलगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दोनदा मिटवला काका. ऱ्हाईना झालाय." पंधरा पावलांवर तो असा बसून आमची कवायत बघणार होता.

तोफेचं तोंड मोकळ्या रानाकडं केलं. नळीच्या उजवीकडं, त्याच्या जागेवर, काठोकाठ भरलेली बादली आणि तिच्यावर आडवी ठेवलेली पोतेऱ्याची काठी. बाकी जागा मोकळी. जंगमांचे मंत्र थांबले.

"नंबर दोन!"

कुणी हललं नाही. बाया हुंदके देताना दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या. पुरेसा वेळ गेल्यावर साहेब म्हणाले, "भर!" नळी थंड आणि कोरी. मी पिशवी सारली, सरकलो. नंबर चारनं बत्ती दिली.

बार झाला. समोरच्या चिंचेवरचे बगळे एकदम उडाले. आणि माझ्या कानातली शीळ थांबली. मोठा बार झाला की ती जरा वेळ थांबते, नेहमीचंच आहे. पण त्या दिवशी ती थांबल्यावर जी शांतता आली तशी मी आयुष्यात ऐकली नाही. स्वतःचा श्वाससुद्धा दुसऱ्या कुणाचा वाटावा अशी.

"नंबर दोन!"

रिकामी जागा. बादलीतलं पाणी हलत नव्हतं.

"भर!"

नंबर पाचनं माझ्या उजव्या हातात पिशवी दिली. डावा तळहात सवयीनं नळीवर. नळी आता गरम. हात उचलावा तर उचलेना. मला वाटलं, दुःखानं असेल. साहेबांनी परत हुकूम दिला, "नंबर तीन, भर!" मी दात आवळून पिशवी तोंडाशी नेली.

आणि तळहातात ठोका आला.

एक. काठीच्या टोकाचा. उजव्या बाजूनं, जरासा तिरका, त्याचा असायचा तसाच. मी थांबलो. दुसऱ्याची वाट बघितली. दुसरा आला नाही. पिशवी नळीच्या तोंडापासून मागं घेतली.

"भर!" साहेब आता चिडले होते.

"न्हाय साहेब," मी ओरडलो. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, सगळ्या गावानं ऐकलं असणार. "एकच आलाय."

नंबर चार माझ्याकडं खुळ्यासारखा बघायला लागला. मी पिशवी नंबर पाचच्या हातात परत दिली. "पेटीत ठेव. झाकण लाव." मग रिकाम्या जागेवर गेलो, काठी उचलली. कातडं कोरडं खडखडीत. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बादलीत बुडवलं, नळीत घातलं, तळापर्यंत फिरवलं. तळाशी काठीला चर्र असं काहीतरी जाणवलं, गरम तव्यावर पाणी पडल्यासारखं. बाहेर काढलं तर कातड्याला कापडाचा नखाएवढा तुकडा चिकटलेला. त्याची एक कड अजून लाल होती. माझ्या डोळ्यांदेखत ती विझली.

साहेबांनी तो तुकडा बघितला आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. पण जुनं हाड. मान हलवली, म्हणाले, "चालू दे." मी आणखी दोनदा नळी पुसली. मग काठीच्या टोकानं दोन ठोके दिले, माझे मलाच, आणि जाऊन पिशवी भरली. तिसऱ्यालाही तसंच. गावातल्या कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मी विमानाकडं बघितलं. डावा डोळा तेवढाच उघडा होता.

खड्ड्यात उतरवताना बेल आणि विभूती टाकायला सगळे पुढं झाले. मीही टाकली. नंतर एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, नळीला कुणाचा हात लागला? पाय लागला? साहेब दहा पावलांवर. नंबर चार मागं चाकाशी. नंबर पाच पेटीशी. काठी बादलीवर, ती मीच उचलली. नंबर चार म्हणाला, "पितळ तापलं की आवाज करतंय, मर्दा. त्यात काय एवढं?" असेल. एवढी वर्षं त्या पितळेवर माझा हात आहे, त्यानं कधी ठोका दिला नव्हता. पुढं फाउंड्रीवाल्यालाही विचारलं. तो म्हणाला, "करतंय की. पण बरोबर तवाच कसं करंल?"

निघताना त्याची बायको दाराशी आली. डोळे कोरडे पडलेले. मला ऐकू यावं म्हणून जवळ येऊन, एकेक शब्द तोडून बोलली. "तुमचा फोन येणार, तुमचा फोन येणार, म्हणायचे. रिंग ऐकू येत न्हवती. म्हणून वायब्रेटवर टाकून छातीवर ठेवून झोपायचे. सकाळी उचलला तवा बी छातीवरच हुता."

मी पिकअपच्या मागं जाऊन रडलो. चांगला हंबरून रडलो. एका फोनचं काम होतं. एका फोनचं!

साहेब मला समजवायचे, "आरं, त्यानं तुझा हात वाचवला. राग असता तर वाचवला असता व्हय?" माझं समाधान होत नव्हतं. थांब, विस्तव आहे, हे तो वैऱ्यालासुद्धा सांगेल. ते त्याचं काम होतं, आणि कामात तो कधी चुकला नाही. पण साफ म्हणून त्यानं मला सांगितलं नव्हतं. एकच ठोका दिला आणि गेला. दुसरा माझा बाकीच होता.

रिकाम्या जागेची रीत आम्ही बंद केली. मी साहेबांना सांगितलं, "आता नंबर दोन मी." नंबर तीनला नवा माणूस घेतला, नुकताच रिटायर झालेला हवालदार, कान अजून शाबूत, तरी त्याला हात नळीवर ठेवायला शिकवलं. दर वेळी बार संपले की मी जरा वेळ नळीवर तळहात ठेवून उभा राहायचो. पितळ हळूहळू गार व्हायचं. काही यायचं नाही. घरी बाल्कनीच्या लोखंडी कठड्यावरही हात ठेवून बसायला लागलो. बायको म्हणाली, "काय चाललंय तुमचं? खाली पोरं हसत्यात." तिला काय सांगणार? आणि देवानं माझी बरी जिरवली. माझाही हात थरथरायला लागला. आता चहा बशीत सांडतो तो माझा.

परवा हुपरीकडं एका जुन्या नाईकाच्या मयतीला गेलो होतो. तीन बार नीट झाले. मी सगळं आवरलं, नेहमीसारखा हात ठेवला, काही नाही. परतीला टपरीवर चहा घेताना नवा नंबर तीन माझ्या शेजारी येऊन बसला. जरा घुटमळला.

"काका, एक इचारू? रागवू नका."

"बोल की."

"साफ झालं की दोन ठोके, असंच ठरलंय न्हवं?"

"व्हय."

"मग आज शेवटच्या बाराला तिसरा कशाला दिला?"

मी कप खाली ठेवला. "दोनच दिले मी."

"तुमचे दोन आले की. थरथरत आले, वळखू येत्यात. त्येच्या मागनं अजून एक आला. दमानं. जरासा तिरका."

मी बोटं मोजली. एक त्या दिवशी शेतात. एक आज. दोन.

"कुठल्या हाताला आला?" मी विचारलं.

त्यानं डावा तळहात पुढं केला. मी तो दोन्ही हातांत घट्ट धरला आणि सोडेना. टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. बघू देत की.